मेडिकल कोडिंग : क्लास लावण्याआधी जे ६० ते जे ७० वाचा

नीटचा निकाल लागला की पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. "एमबीबीएस हुकलं, बीएस्सीला प्रवेश घेतलाय. पुढे मेडिकल कोडिंगला स्कोप आहे का?" स्कोप आहे. पण त्याआधी एक प्रश्न पालकांनी मुलांना विचारायला हवा, आणि तो सहसा विचारला जात नाही : हे काम दिवसभर करायला तुला आवडेल का?

या कामात रुग्ण समोर येत नाही. संगणकावर असतात अमेरिकेतल्या रुग्णालयांची कागदपत्रं : डॉक्टरांच्या नोंदी, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज समरी. ती वाचून प्रत्येक निदानाला आणि उपचाराला ठरलेला कोड द्यायचा. त्या कोडवर रुग्णालयाला विमा कंपनीकडून किंवा सरकारी योजनेकडून किती पैसे मिळणार ते ठरतं. निदानासाठी तिथे १ ऑक्टोबर २०१५पासून आयसीडी-१०-सीएम ही यादी वापरतात. त्यात सत्तर हजारांहून जास्त कोड आहेत. ते पाठ करायचे नसतात, अचूक शोधायचे असतात.

याची चव बघायची असेल तर या यादीतला एक छोटा विभाग पुरेसा आहे. जे ६० ते जे ७०, म्हणजे बाहेरून शरीरात गेलेल्या गोष्टींमुळे होणारे फुप्फुसांचे आजार. कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा आजार जे ६०. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे झालेला जे ६१. दगड फोडताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीचा जे ६२. कापसाच्या धुळीने गिरणी कामगारांची छाती धरायची, तो बिसिनोसिस जे ६६.०. बुरशी धरलेल्या बगॅसमुळे होणारा आजार जे ६७.१, बगॅस म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला सांगायला नको. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून एवढा वाद झाला, त्यात ज्या आजाराचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत होता तो पक्ष्यांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणारा न्यूमोनायटिस जे ६७.२. यादी अमेरिकेची असली, तरी तिच्यातली माणसं आपल्या ओळखीची आहेत.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक आजोबा आहेत. पूर्वी मेंदूतली रक्तवाहिनी बंद होऊन पक्षाघात झालेला, तेव्हापासून घास गिळायला त्रास. ताप आणि धाप लागल्यामुळे रुग्णालयात दाखल झाले. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी नुसतं 'न्यूमोनिया' लिहिलं, तर कोड जे १८.९. 'ॲस्पिरेशन न्यूमोनिया', म्हणजे अन्न श्वासनलिकेत गेल्यामुळे झालेला न्यूमोनिया, असं लिहिलं तर जे ६९.०. दुसऱ्या कोडला रुग्णालयाला सहसा जास्त पैसे मिळतात, म्हणून तपासणी करणाऱ्यांची नजरही नेमकी इथेच असते. गिळायचा त्रास, उजव्या बाजूचा डाग, सगळं जुळतंय, तेव्हा कोडरने स्वतःच जे ६९.० देऊन टाकावा का? नाही. निदान करण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे. कोडरने डॉक्टरांना लेखी विचारायचं, याला या क्षेत्रात 'क्वेरी' म्हणतात. तीही अशा शब्दांत, की हवं ते उत्तर त्यांच्या तोंडी घातलं जाणार नाही.

आणखी एक बारकावा. समरीत 'बहुधा ॲस्पिरेशन न्यूमोनिया' असं लिहिलं असेल तर? रुग्ण दाखल होता आणि डिस्चार्जच्या वेळीही निदान तसंच होतं, तर ते निदान झालंच आहे असं धरून कोड द्यायचा. तेच शब्द ओपीडीच्या कागदावर असतील, तर 'बहुधा' लिहिलेलं कोड करायचं नाही. जेवढं नक्की आहे तेवढ्यालाच कोड. शब्द एकच, रुग्ण कुठे होता यावर उत्तर बदललं. हे वाचून ज्या मुलाला "असं का?" म्हणून पुढचा नियम उघडावासा वाटतो, तो इथे टिकतो. ज्याला कंटाळा येतो, त्याला भरपूर फी भरूनही कंटाळाच येणार आहे.

क्रमालाही तितकंच महत्त्व आहे. बाथरूम साफ करताना ब्लीच आणि ॲसिड एकत्र झालं, क्लोरीन वायू छातीत गेला आणि न्यूमोनायटिस झाला. इथे आधी विषारी वायूचा कोड द्यायचा, टी ५९.४एक्स१ए, आणि मगच फुप्फुसाचा जे ६८.०. पहिल्या कोडमधला 'एक्स' रिकामी जागा भरतो, '१' म्हणजे अपघाताने झालं, 'ए' म्हणजे या दुखापतीवर अजून मूळ उपचार चालू आहेत. सिलिकोसिस आणि क्षयरोग एकाच रुग्णाला असतील, तर दोघांचा मिळून एकच कोड, जे ६५. असे नियम कोडच्या खालीच बारीक अक्षरात दिलेले असतात. चुका होतात त्या तिथे, ते न वाचल्यामुळे.

शिवाय अभ्यास कधी संपत नाही. दरवर्षी १ ऑक्टोबरला यादी बदलते, कधीकधी मधेही. २०१९ साली अमेरिकेत ई-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसांच्या गंभीर आजाराची साथ आली, २,८००हून जास्त रुग्णांची नोंद झाली. १ एप्रिल २०२०पासून त्याला यू ०७.० हा नवा कोड मिळाला.

पात्रतेबद्दल थोडक्यात. जीवशास्त्राची पदवी, बीफार्म, नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएचएमएस, बीएएमएस अशी पार्श्वभूमी असली की सोपं जातं, कारण शरीररचना आणि औषधांची नावं ओळखीची असतात. इंग्रजी फाडफाड बोलता आलं नाही तरी चालेल, वाचून नीट समजलं मात्र पाहिजे. अमेरिकेतल्या एएपीसी या संस्थेची सीपीसी परीक्षा सगळ्यात प्रचलित आहे : १०० प्रश्न, चार तास, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. पुस्तकं सोबत ठेवायला परवानगी असते. अनुभव नसेल तर नावापुढे शिकाऊचा 'ए' लागतो, पुढे अनुभव दाखवला की तो निघतो. दाखल रुग्णांच्या कोडिंगसाठी सीआयसी किंवा अहिमा या संस्थेची सीसीएस आहे. काही कंपन्या फ्रेशर घेऊन स्वतः शिकवतात, म्हणून परीक्षेचा खर्च करण्याआधी तिथे जरूर अर्ज करा. चेन्नई, हैदराबाद, बंगळूर ही मोठी केंद्रं; पुण्यात आणि नवी मुंबईतही काम मिळतं.

मुलींचे पालक रात्रपाळीबद्दल विचारतात. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करायचं काम रात्री चालतं, कोडिंग बहुतेक ठिकाणी दिवसा. मुलाखतीत हे स्पष्ट विचारून घ्या, कारण दोन्ही कामांची भरती कधीकधी एकाच नावाखाली होते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. रोज ठरावीक चार्ट, म्हणजे रुग्णांच्या फायली, संपवायचे आणि साधारण ९५ टक्के अचूकता राखायची, हा ताण खरा आहे.

एआयची भीती खोटी नाही. साध्या, एकाच साच्यातल्या चार्टना सॉफ्टवेअर कोड सुचवू लागलं आहे, आणि तेवढंच येणाऱ्या कोडरची गरज कमी होत जाईल असं माझं मत आहे. गुंतागुंतीच्या केस वाचणारे, सॉफ्टवेअरचं उत्तर तपासणारे, ऑडिट करणारे लोक मात्र लागतील. म्हणून नोकरी लागली म्हणजे झालं असं न मानता पहिल्या दोन-तीन वर्षांत दाखल रुग्णांच्या कोडिंगकडे किंवा ऑडिटकडे वळायची तयारी ठेवा.

पालकांना एक कळकळीची विनंती. 'शंभर टक्के प्लेसमेंट'ची जाहिरात बघून लगेच पैसे भरू नका. आयसीडी-१०-सीएमची पूर्ण यादी आणि तिची नियमावली अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्सच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. ती उतरवून घ्या, मुलाला किंवा मुलीला जे ६० ते जे ७० हा विभाग खालच्या सूचनांसकट वाचायला द्या आणि एक आठवडा थांबा. त्यानंतर क्लास लावायचा की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.