घाऊक विक्री, ऑनलाइन बाजारपेठ आणि कारागिराचे भांडवल

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात कसब होते, त्यांच्या हातात बाजार नव्हता. माल बनवायचा एकाने आणि भाव ठरवायचा दुसऱ्याने, अशीच रीत होती. आज मोबाईलवर चपलेचे छायाचित्र टाकले की जयपूरचा किंवा चेन्नईचा दुकानदार थेट कारागिराकडे शंभर जोडांची चौकशी करू शकतो. ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मागणी आली म्हणजे धंदा झाला, असे मात्र नाही. प्रस्तुत लेखात आम्ही कोल्हापुरी चपलेचे उदाहरण घेऊन हा हिशेब मांडणार आहोत. बँकेच्या खिडकीमागे बसणाऱ्याला खाते कोठे अडकते हे लवकर दिसते, एवढाच आमचा अधिकार.

ऑनलाइन बाजारपेठा सगळ्या सारख्या नसतात. १९९६ साली सुरू झालेले इंडियामार्ट हे मुख्यतः ओळख करून देणारे ठिकाण होय. खरेदीदाराची चौकशी ते अनेक विक्रेत्यांकडे पाठविते व विक्रेत्यांकडून वर्गणी घेते. भाव आणि पैसे दोघांनी आपसात ठरवायचे. याउलट २०१७ साली भारतात आलेल्या ॲमेझॉन बिझनेससारख्या ठिकाणी पैसा बाजारपेठेमार्फत येतो व शुल्क कापून खात्यात जमा होतो. पहिल्या प्रकारात वसुलीची काळजी, दुसऱ्यात कपातीची.

एकच चौकशी अनेकांकडे गेली की भावाची घसरगुंडी सुरू होते. त्यात पडद्यावर रेक्झिनची यंत्रावर बनलेली चप्पलही ‘कोल्हापुरी’ म्हणून शेजारीच उभी असते. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले कातडे आणि हातची वेणी छायाचित्रात कशी कळणार? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना ते लागू आहे. या जिल्ह्यांतील कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावे नोंदणी करता येते. ती अवश्य करावी, कारण भाव कमी न करण्याचे कारण खरेदीदाराला कागदावर दाखविता येते.

आता हिशेब पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका जोडास कातडे व इतर सामान २६० रुपये आणि बाहेरून करून घेतलेल्या कामाची मजुरी ९० रुपये, असा ३५० रुपये खर्च आला. घाऊक भाव ४२० रुपये ठरला. कारागीर म्हणतो, जोडामागे ७० रुपये सुटले. पण खोका आणि वाहतूक यांचे २९ रुपये त्याने धरलेलेच नाहीत. शंभर जोडांत गुंतलेले ३५,००० रुपये त्याने शेकडा दरमहा २ रुपये व्याजाने आणले आणि व्यापाऱ्याने तीन महिन्यांनी पैसे दिले, तर व्याज झाले २,१०० रुपये, म्हणजे जोडामागे २१. राहिले २० रुपये. नवरा-बायको मिळून दिवसाला चार जोड पुरे करीत असतील, तर दोघांची मिळून रोजची कमाई ८० रुपये! घरच्या बाईचे श्रम तर कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत. आमच्या मते भाव सांगण्यापूर्वी तिची मजुरी पहिल्या ओळीत लिहिली पाहिजे.

भावापेक्षा वाट पाहणे महाग पडते, ते असे. उधारी म्हणजे कारागिराने स्वतः कर्ज काढून व्यापाऱ्याला दिलेले बिनव्याजी कर्ज होय. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते आणि राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. शिवाय २०२३-२४ या हिशेबी वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती माल देण्यापूर्वीच झालेली असावी. ती विनामूल्य आहे; एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही.

कायदा चांगला आहे, पण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने तक्रार करायला कोण धजतो? म्हणून पहिल्या व्यवहारात निम्मी रक्कम आगाऊ घेणे, नमुन्याच्या जोडाचे पैसे घेणे आणि शंभराऐवजी वीस जोडांपासून सुरुवात करणे हाच आम्हाला व्यवहार्य मार्ग वाटतो. मोठी ऑर्डर असेल तर तीन-चार घरांनी मिळून ती घ्यावी, परंतु बिल एकाच नावाने असावे.

आगाऊ रकमेच्या नावाखाली फसवणूकही होते. सैन्यातील अधिकारी आहोत असे सांगून मोठी ऑर्डर द्यायची, ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणायचे आणि खाते रिकामे करायचे, हा प्रकार सर्वत्र परिचित आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला ठाऊक असावी.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी घरचे बिल लिहिण्याचे काम अंगावर घ्यावे. बिलावर खरेदीदाराच्या दुकानाचे पूर्ण नाव, जोडांची संख्या व मापे, पैसे देण्याची तारीख आणि आपला उद्यम नोंदणी क्रमांक असावा. माल पोहोचल्याची तारीख व सही असलेली पोच मागवावी. ती मोबाईलवर आली तर छापून घेऊन बिलाला टाचून ठेवावी, कारण ४५ दिवसांची मोजणी त्या तारखेवरून करावी लागते.