वृद्धांस साहाय्य कसे करावे

वृद्धांस साहाय्य करणे म्हणजे त्यांचे सर्व काम आपणच उरकून टाकणे, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. म्हातारीच्या हातून केरसुणी काढून घेणारा सेवक तिला लवकर खाटेस खिळवितो. कारण जो अवयव वापरात नाही तो दुर्बळ होतो.

इंग्लंडात 1938 साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संस्थेने महायुद्ध चालू असता, 1943 साली, वृद्धांच्या घरी शिजविलेले अन्न पोहोचविण्यास आरंभ केला. ज्यांस चूल पेटविणे झेपत नाही, त्यांस केवळ तेवढ्याकरिता आपले घर सोडावे लागू नये. शिवाय, अन्न घेऊन येणाऱ्या बाईस दारातच कळे की आतले माणूस आजारी आहे की काय. आमच्या मते ही विचारपूस त्या अन्नाइतकीच मोलाची होय.

आपल्या खेड्यांत भाकरी देणारी शेजारीण बहुधा असतेच. अडचण कागदांची आहे. श्रावणबाळ योजनेचे अनुदान 65 वर्षांवरील निराधारांस मिळते, पण त्यासाठी दरसाल हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास पुष्कळदा ओळखत नाही. अशा वेळी साक्षर तरुणाने बरोबर जावे. अर्ज वाचून दाखवावा, परंतु पासबुक व पैसे आजीबाईंच्याच हाती असू द्यावे, आणि बाजारास केव्हा जावयाचे हेही त्यांनीच ठरवावे.

भेटीचा वार नेमलेला असावा. ज्यास सोमवारी येणे जमणार नाही, त्याने रविवारीच निरोप पाठवावा.