फिजिक्स शिकायचंय? जबलपूरच्या घरासाठी खर्चाचा हिशेब

जबलपुरात घरी राहून सरकारी कॉलेजातून फिजिक्सची बीएस्सी करायची, तर तीन वर्षांत कॉलेजच्या फीपेक्षा स्कूटीच्या पेट्रोलवर जास्त पैसे जातात. मुलगी किंवा मुलगा "इंजिनीअरिंग नको, फिजिक्स हवं" म्हणाला की घरात फीची चिंता सुरू होते. फी ही या शिक्षणातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महाग पडतात त्या दोन गोष्टी: कच्चं राहिलेलं गणित आणि त्यापायी वाया गेलेलं वर्ष. या दोन्हींचं बिल बीएस्सी संपल्यावर येतं, आणि पहिल्या वर्षी थोडं लक्ष दिलं तर ते टळतं.

आधी ठोकळ आकडे. शासकीय महाविद्यालयातल्या साध्या बीएस्सीची वर्षाची फी परीक्षा शुल्कासकट पाच-सहा हजारांच्या आत बसते. तीन वर्षांचे अठरा हजार धरा. पेट्रोल किंवा मेट्रो बस महिन्याला हजार-बाराशे, म्हणजे दहा महिन्यांच्या हिशेबानं तीन वर्षांत तीस ते छत्तीस हजार. पुस्तकं, प्रॅक्टिकल फाइल, ग्राफ पेपर, झेरॉक्स मिळून दहा हजार. चांगला सायंटिफिक कॅल्क्युलेटर दीड हजार. लॅपटॉप पस्तीस-चाळीस हजार, आणि तो दुसऱ्या वर्षापर्यंत लांबवता येतो. सगळं मिळून लाख-सव्वा लाख. मूल नरसिंहपूर, मंडला किंवा सिवनीहून येऊन खोली घेऊन राहणार असेल तर खोली आणि डब्याचे महिन्याला सहा-सात हजार वाढतात; तीन वर्षांत ते दोन लाखांच्या घरात जातात. स्वनिर्वाहित अभ्यासक्रमाची किंवा खासगी कॉलेजची फी सरकारीच्या काही पट असते. ती भरण्याआधी पुढचा परिच्छेद वाचा.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका, प्रयोगशाळा पाहा. पचपेढीचं मॉडेल सायन्स कॉलेज, सेंट अलॉयशियस किंवा शहरातलं दुसरं कुठलंही कॉलेज असो. प्रवेशाआधी एका दुपारी मुलाला घेऊन फिजिक्सच्या लॅबमध्ये जा. तिथं स्पेक्ट्रोमीटर शोधा. अंधाऱ्या खोलीत सोडियमचा पिवळा दिवा, त्यापुढे गोल टेबलावर ठेवलेला काचेचा त्रिकोणी लोलक आणि दोन्ही बाजूंना दुर्बिणीसारख्या नळ्या. नळीतून पाहत लोलक हळूहळू फिरवायचा. पिवळी रेघ एका बाजूला सरकत जाते, एका जागी थबकते आणि मागे फिरते. ती नेमकी जिथं थबकते तो कोन व्हर्नियरवर वाचायचा. हे हातानं केल्याशिवाय समजत नाही, आणि दहाजणांच्या घोळक्यात मागे उभं राहून तर मुळीच नाही. म्हणून लॅब असिस्टंटना साधे प्रश्न विचारा. एका बॅचमध्ये किती मुलं? चालू स्थितीतले स्पेक्ट्रोमीटर किती? ऑसिलोस्कोप मुलांच्या हाती देता का? दोन-तीन मुलांमागे एक चालू उपकरण असेल तर ते कॉलेज घ्या, मग ते घरापासून चार किलोमीटर लांब का असेना.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीला मेजर, मायनर आणि वैकल्पिक विषय निवडावे लागतात. ई-प्रवेशच्या पोर्टलवर फॉर्म भरायला मूल अनेकदा एमपी ऑनलाइनच्या दुकानात एकटं जातं, दुकानदार विचारतो "मायनर क्या डालें?", आणि जे सोपं वाटेल ते पडतं. फिजिक्स मेजर असेल तर मायनर गणितच घ्या, आणि फॉर्म भरताना आईवडिलांपैकी कुणीतरी शेजारी बसा. अनेक आयआयटींत एमएस्सी फिजिक्सच्या प्रवेशासाठी पदवीला गणित शिकलेलं असण्याची अट असते. ते एक बाजूला ठेवलं तरी, दुसऱ्या वर्षी विद्युतचुंबकत्व सुरू झालं की व्हेक्टर कॅल्क्युलस लागतं आणि क्वांटम मेकॅनिक्सला डिफरन्शियल इक्वेशन व लिनिअर अल्जेब्रा. इथं मुलं अडकतात आणि दोष फिजिक्सवर येतो. ट्यूशनवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिल्या वर्षी गणिताच्या ट्यूशनवर करा. महिन्याचे हजार-दीड हजार तिथं सत्कारणी लागतात.

मुलाची आवड खरी आहे का, हे पाहायला एक पैसा लागत नाही. मदनमहालच्या डोंगरावर बॅलन्सिंग रॉक आहे. २२ मे १९९७ चा भूकंप ५.८ तीव्रतेचा होता, शहरात घरं पडली, पण तो दगड जागचा हलला नाही. का हलला नाही, हे मुलाला कागदावर चित्र काढून, बाण दाखवून समजावायला सांगा. उत्तर चुकलं तरी हरकत नाही. मूल दोन दिवस त्याच कागदाशी झटत बसलं तर निर्धास्तपणे प्रवेश घ्या. "गुरुत्वमध्य" एवढं एक पाठ उत्तर देऊन फोनकडे वळलं, तर घाई करू नका.

पुस्तकांवर उधळपट्टी नको. पहिल्या वर्षाला एच. सी. वर्मांचे दोन भाग आणि रेझनिक-हॅलिडे पुरतात. दोन्ही सेकंडहँड मिळतात. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी मध्य प्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची स्वस्त क्रमिक पुस्तकं आहेत, ती जरूर घ्या. पण पहिल्या दिवसापासून एक इंग्रजी पुस्तक शेजारी उघडं असू द्या, कारण वरच्या वर्गांना इंग्रजीवाचून गत्यंतर नाही. नवं आणि मूळ विकत घ्यावं असं पुस्तक म्हणजे ग्रिफिथ्सचं इलेक्ट्रोडायनॅमिक्स. त्याची भारतीय स्वस्त आवृत्ती निघते आणि ती एमएस्सीपर्यंत साथ देते. बाकीचं पुष्कळसं फुकट आहे. फाइनमनची तिन्ही व्याख्यानपुस्तकं कॅलटेकच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इग्नूची बीएस्सी फिजिक्सची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर आहेत आणि स्वतः शिकणाऱ्यासाठी ती फार नेटकी लिहिलेली आहेत. एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या प्रा. व्ही. बालकृष्णन यांची क्लासिकल आणि क्वांटम फिजिक्सची व्याख्यानं आहेत. ज्याला ती समजू लागली त्याला जबलपुरात राहून काही गमावल्यासारखं वाटायचं कारण नाही. व्याख्यानं पाहायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे हजारभर रुपये. मल्टिमीटर आणि ब्रेडबोर्ड मात्र घरी आणाच. पाच-सातशे रुपयांत काम होतं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलची भीती कायमची जाते.

आता येणारे पैसे. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसई-आयसीएसईत ८५ टक्के असलेल्या, राज्यातल्या मूळ निवासी मुलांची फी शासन भरतं. उत्पन्नाची मर्यादा त्या वर्षीच्या पोर्टलवर पाहून घ्या. खेड्यातल्या शाळेतून प्रथम श्रेणीत बारावी झालेल्या मुलींना गाँव की बेटी योजनेत महिन्याला ५०० रुपये, वर्षातले दहा महिने मिळतात. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आपापल्या बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यातल्या मुलांसाठी आहे: वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० हातात आणि २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. इंजिनीअरिंगला गेलेल्या मुलाला ही मिळत नाही, मूलभूत विज्ञान घेणाऱ्यालाच मिळते. फक्त पहिला हप्ता यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च तिच्या भरवशावर आखू नका.

बारावीनंतर थेट बाहेर जायचं असेल तर भोपाळचं आयसर सगळ्यात जवळ. प्रवेश आयएटी या परीक्षेतून. अर्जाचे २,००० रुपये, एससी-एसटीला १,०००. फी, वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला लाखाच्या पुढे जातं. नेस्ट ही परीक्षा भुवनेश्वरच्या नायसरसाठी आणि मुंबईत कलिना आवारातल्या सीईबीएससाठी आहे. २०२५ मध्ये तिचे १,४०० रुपये होते, मुलींना ७००. या दोन्ही संस्थांत अणुऊर्जा विभागाच्या दिशा योजनेतून बहुतेक मुलांना वर्षाला ६०,००० मिळतात, म्हणजे खर्चाचा मोठा भाग तिथल्या तिथं निघतो. मुंबईत मामा-मावशी असलेल्या मराठी घरांना सीईबीएसचं नावही ठाऊक नसतं, हे मला फार खटकतं. नेस्टचा फॉर्म भराच.

बीएस्सीनंतर एमएस्सी. राणी दुर्गावती विद्यापीठाचा फिजिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्सचा पदव्युत्तर विभाग गावातच आहे. सागरचं हरिसिंह गौर विद्यापीठ २००९ पासून केंद्रीय झालं आहे, तिथं सीयूईटी-पीजीतून जाता येतं आणि राहणं भोपाळपेक्षा स्वस्त पडतं. आयआयटीसाठी जॅम ही प्रवेशपरीक्षा: २०२५ मध्ये एका विषयाचे १,८०० रुपये, मुली आणि एससी-एसटीला ९००. जॅमसाठी वर्षभर थांबून दिल्लीला क्लास लावण्याची पद्धत इथं रूढ होत चालली आहे. क्लास, खोली, मेस मिळून दीड-दोन लाख आणि वर एक वर्ष. मला हे पटत नाही. जॅमचा फिजिक्सचा अभ्यासक्रम म्हणजे बीएस्सीचाच अभ्यासक्रम, आणि मागच्या प्रश्नपत्रिका जॅमच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून आठवड्याला एक प्रश्नपत्रिका तीन तास घड्याळ लावून सोडवली आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न पुस्तकातून पुन्हा केला, तर घरबसल्या तयारी होते. सोबत इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्सची एनजीपीई परीक्षा द्या. फी किरकोळ, आणि देशभरात आपण कुठं आहोत ते कळतं. होमी भाभा केंद्राच्या एनआययूएस शिबिरांना आणि इंदूरच्या आरआरकॅटच्या उन्हाळी कार्यक्रमालाही वेळेवर अर्ज करा. अशा ठिकाणी काढलेला महिना शिफारसपत्राच्या दृष्टीनं क्लासच्या वर्षापेक्षा मोलाचा ठरतो.

एमएस्सीनंतर पैशाची दिशा उलटी होते. सीएसआयआर-नेटचा अर्ज खुल्या गटाला ११५० रुपयांचा, पण जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि त्यानंतर ४२,०००, वर घरभाडं. म्हणजे कुटुंबाला मुलाचा खर्च बीएस्सी आणि एमएस्सी मिळून पाच वर्षं उचलायचा आहे, पीएचडीचा नाही. मधे अडचणीचा काळ असतो तो एमएस्सीचा निकाल ते फेलोशिप, सहा महिने ते दीड वर्ष. त्यासाठी साठ-सत्तर हजार आधीच बाजूला ठेवा, म्हणजे मूल घाईनं मिळेल ती नोकरी धरणार नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या घरांसाठी कागदपत्रांचं वेगळं सांगायला हवं, कारण इथं पैसा आणि प्रवेश दोन्ही हातचे जातात. जातीचा महाराष्ट्रातला दाखला मध्य प्रदेश शासनाच्या आरक्षणाला किंवा राज्याच्या शिष्यवृत्तीला चालत नाही. पण आयसर, आयआयटी, सागर विद्यापीठ अशा केंद्रीय संस्थांत तोच दाखला केंद्राच्या नमुन्यात असेल तर चालतो. पणजोबा तोफ कारखान्यात किंवा रेल्वेत लागले आणि घर १९५० च्या आधीपासून इथंच असेल, तर इथल्या दाखल्यासाठी अर्ज करता येतो. जुनी मतदार यादी, सेवापुस्तक, शाळेचा दाखला, घराची नोंद यांपैकी जे सापडेल ते जमवा. ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचे दाखले ताजे लागतात, ते एप्रिलमध्येच काढायला टाका. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलमध्ये गर्दी असते आणि सीएलसीची, म्हणजे कॉलेज स्तरावरच्या प्रवेशाची, फेरी दाखल्यासाठी थांबत नाही.