धावत्या कागदातील पाणी कसे मोजतात?

अवरक्त किरणांचे प्रकरण शिकवताना मी वर्गात वहीचे पान दाखवून विचारतो, "ह्यात पाणी किती?" उत्तर येते, "मुळीच नाही." वस्तुतः चांगल्या कागदात साधारण ५ ते ८ टक्के पाणी असावे लागते. कमी झाल्यास कागद ठिसूळ होतो व वाफ फुकट जाते. जास्त राहिल्यास त्यास बुरशी लागण्याची भीती असते. दांडेलीची कागद गिरणी आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही.

प्रयोगशाळेतील रीत सोपी आहे. १० ग्रॅम कागद १०५ अंश सेल्सियसला पूर्ण सुकवल्यावर ९.४ ग्रॅम भरला, तर आर्द्रता ६ टक्के. परंतु मिनिटाला ६०० मीटर वेगाने यंत्र चालत असेल, तर तासाभरात ३६ किलोमीटर कागद निघून गेलेला असतो! म्हणून कागदाला न शिवता, चालू यंत्रावरच मापन हवे.

पाण्याचे रेणू सुमारे १.९४ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण जोराने शोषतात, १.८ मायक्रॉनच्या आसपासचे फारच थोडे. दिव्यासमोर फिरणाऱ्या चाकावरील गाळण्या हे दोन्ही किरण आळीपाळीने कागदावर सोडतात आणि शोधक त्यांची तीव्रता मोजतो. एकच किरण का पुरत नाही? दिवा मंदावला किंवा काचेवर धूळ बसली, तरी तीव्रता घटते आणि ती पाण्यामुळेच घटली असे वाटते. दोहोंचे गुणोत्तर घेतले की हा दोष बव्हंशी निघून जातो.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गुणोत्तरावरून कळते ते दर चौरस मीटरमागे पाणी किती ग्रॅम, टक्केवारी नव्हे. ३.६ ग्रॅम पाणी ६० ग्रॅमच्या कागदात ६ टक्के, तर ८० ग्रॅमच्या कागदात ४.५ टक्के होते. म्हणून कागदाचे वजनही सोबत मोजावे लागते. त्यासाठी बीटा किरण वापरतात, किंवा सेल्युलोज शोषते तो २.१ मायक्रॉनजवळचा तिसरा किरण घेतात.

शोधक कागदाच्या रुंदीवर इकडून तिकडे सरकत राहतो, तेही सकारण. मध्ये ३ आणि कडेला ९ टक्के पाणी असले, तरी सरासरी ६ दिसू शकते. पण तो कागद छापखान्यात नीट चालणार नाही.

एवढे होऊनही उपकरणाचे अंशांकन शेवटी त्या साध्या भट्टी-तराजूवरच करावे लागते. प्रयोगशाळेतील तराजूला जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी हे विसरू नये.