डेंगी: रक्त केव्हा काय सांगते?

डेंगी हा विषाणूंमुळे होणारा रोग आहे आणि एडिस डासाची मादी त्याचा प्रसार करते, हे तुम्हांला ठाऊक आहे. आता एक प्रश्न. तापाच्या दुसऱ्या दिवशी रक्त तपासले आणि त्यात डेंगीविरोधी प्रतिपिंडे सापडली नाहीत. तर डेंगी नाही, असे म्हणता येईल का?

नाही! प्रतिपिंडे म्हणजे शत्रूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने. ती तयार करायला शरीराला वेळ लागतो. आयजीएम प्रकारची प्रतिपिंडे तापाच्या साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात व दोन-तीन महिने टिकतात. पहिल्याच संसर्गात आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे मागाहून येतात, पण वर्षानुवर्षे राहतात. म्हणून आयजीएम आढळणे ही ताज्या संसर्गाची खूण मानतात. पहिल्या पाच दिवसांत मात्र खुद्द विषाणूचे एनएस-१ हे प्रथिन शोधतात.

आयजीएम शोधण्यासाठी ‘एलायझा’ पद्धत वापरतात. एंगवाल व पर्लमान यांनी ही पद्धत १९७१ साली स्वीडनमध्ये मांडली. तिच्यासाठी ९६ खळग्यांची प्लास्टिकची पट्टी असते. खळग्याच्या तळाला आयजीएम पकडणारी प्रतिपिंडे आधीच बसवलेली असतात. त्यात रुग्णाचे रक्तजल घालतात. आयजीएम अडकतात; बाकीचे धुऊन टाकतात. मग डेंगीचे प्रतिजन घालतात. अडकलेल्यांत डेंगीविरोधी आयजीएम असतील तरच ते चिकटते. नाहीतर धुण्यात वाहून जाते. शेवटी प्रतिजनाला चिकटणारे, एंझाइम जोडलेले प्रतिपिंड घालून पुन्हा धुतात व एक रंगहीन द्रव्य टाकतात. एंझाइम उरले असेल तर निळा रंग येतो. आम्ल घालताच तो पिवळा होतो. रंग जितका गडद, तितकी प्रतिपिंडे अधिक. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे चाचणीसंच तयार करते. ही संस्था १९५२ साली स्थापन झाली.

तरीही सावध राहावे लागते. झिका आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू डेंगीच्या विषाणूचे नातलग आहेत. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडेही कधीकधी डेंगीच्या प्रतिजनाला चिकटतात. म्हणून डॉक्टर अहवालाबरोबर तापाचा दिवस आणि लक्षणेही पाहतात. ताप उतरताना पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या किंवा रक्तस्राव सुरू झाला, तर अहवाल काहीही असो, ताबडतोब रुग्णालय गाठावे.

विचार करा: शेवटचे धुणे नीट झाले नाही, तर निरोगी माणसाच्या खळग्यात काय दिसेल? आणि का?