उंचीवर दुखणे लपवू नका

वाकड समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्याही आत आहे. इथून रजा काढून आपली मुले-मुली हिमालयात जातात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’च्या दहा गिर्यारोहकांनी २०१९ मध्ये कांचनजुंगा (८,५८६ मीटर) सर केले. अशा मोहिमांत बरेच दिवस शरीराला उंचीची सवय लावण्यात जातात. ते का, हे आपण समजून घेऊ.

उंचीवर हवेचा दाब घटतो. साडेपाच हजार मीटरवर श्वासातून मिळणारा प्राणवायू जवळपास निम्मा होतो. सिंहगडाच्या सरावाने दम वाढतो, पण उंचीचा आजार टळत नाही.

सकाळी मार्गदर्शक विचारतो : झोप लागली का? जेवण गेले का? डोके दुखते का? बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजतो. मग संथ चाल, घोट घोट पाणी, गरम सूप. थोडे वर चढून झोपायला खाली यायचे. ३,००० मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. तीन-चार दिवसांनी विसावा घ्यावा. दारू व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात.

पैसे भरलेत, रजा संपतेय म्हणून पुष्कळ जण डोकेदुखी लपवतात. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल गेला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सोबत घेऊन लगेच खाली उतरावे. उशीर जिवावर बेततो. म्हणून रजा मागतानाच दोन दिवस जादा मागून घ्यावेत.