बेगमी माळ्यावर हवी

चंदगड तालुक्यात पावसाळ्याची बेगमी कशी करावी हे कुणाला शिकवावं लागत नाही. तिलारी-आंबोलीच्या बाजूनं पाऊस एकदा आत शिरला की कित्येक दिवस ऊन दिसत नाही. म्हणून मे महिन्यातच जळण पडवीत रचायचं, शेण्यांची हुडवी शाकारायची, नाचणी दळून ठेवायची, सांडगे-आमसुलं डब्यात बंद करायची, हे घरोघरी चालतं. आमच्या आत्तींचा या बाबतीत हात धरणारं कुणी नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ताम्रपर्णीचं पाणी सोप्यात आलं तेव्हा घरात चार महिन्यांचं धान्य होतं, आणि दुसऱ्या दिवशी शिजवायला काही नव्हतं.

सगळं जमिनीवर होतं. कणगीतला तांदूळ तळातून भिजला, फुगला आणि कणगी फुटली. हुडवीचा चिखल झाला. भरलेला गॅस सिलिंडरही पाण्यावर तरंगतो हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. आत्तींचं मात्र एक बरोबर होतं. आम्ही भांडी उचलत होतो आणि त्या ओरडत होत्या, "पाणी चढायलंय, कागदं काढा आधी! भांडी काय पळून जात न्हाईत."

त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती आणि त्याच आठवड्यात सगळा जिल्हा बुडाला. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. इकडे कोवाडची बाजारपेठ ताम्रपर्णीनं गिळली. शंभर वर्षांत एकदाच होणारी गोष्ट म्हणून लोकांनी स्वतःची समजूत घातली, तर २०२१ च्या जुलैत, आषाढी होऊन दोन-तीन दिवस होतात तोवर, पुन्हा तेच.

आपल्याकडं आपत्ती दोन प्रकारची असते. नदीकाठच्या गावांत पाणी घरात येतं. पश्चिमेकडच्या वाड्यांत घर कोरडं असतं, पण ओढ्यावरचा पूल पाण्याखाली जातो, घाटात दरड येते, वीज जाते आणि गाव तुटतं. दुसरा प्रकार जास्त वेळा घडतो, आणि त्यात धान्य कधी कमी पडत नाही. कमी पडतात त्या वेगळ्याच गोष्टी: रोजच्या गोळ्या, मोबाइलचं चार्जिंग, हातात रोख पैसे. जुन्या बेगमीत यांना जागाच नाही.

गोळ्यांचं आधी सांगते, कारण त्या पुरात आमच्या गल्लीत सगळ्यांत जास्त धावपळ त्यासाठीच झाली. रक्तदाबाची, साखरेची, थायरॉइडची, फिट्सची गोळी घरात कुणालाही चालू असेल तर पावसाळ्यात पंधरा दिवसांचा जादा साठा हवा. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक झेरॉक्स पिशवीत ठेवा. गोळीचा रंग सांगून कुठलाही दुकानदार औषध देणार नाही, देऊही नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वीज गेली म्हणून घाबरू नये. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवडे ३० अंशांच्या आत टिकते, आणि आपल्याकडच्या श्रावणात तेवढी उष्णता नसतेच. न उघडलेल्या बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवाव्यात. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. पुराच्या पाण्यात भिजलेलं कुठलंही औषध फेकून द्यायचं, गोळीचं पाकीट वरून कोरडं दिसलं तरी.

मग पाणी. चोहीकडं पाणी आणि प्यायला घोटभर नाही, असा हा प्रकार. विहिरीत, हातपंपात पुराचं पाणी मिसळलं की ते उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही. अनेकजणी तुरटी फिरवून मोकळ्या होतात. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळून उकळी आली पाहिजे, किंवा क्लोरीनच्या गोळ्या, मेडिक्लोरचे थेंब घरात हवेत. माणशी रोज तीन-चार लिटर, निदान तीन दिवसांचं, झाकणाच्या कॅनमध्ये भरून माळ्यावर चढवा. घागरी-हंडे कामाचे नाहीत, गडबडीत लवंडतात. जुलाब सुरू झाले आणि ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका. लहान मुलांना जास्त मीठ बाधतं.

उजेडासाठी मेणबत्तीपेक्षा बॅटरी बरी, कारण माळ्यावर गवत-लाकूड असतं. बॅटरीचे सेल बाहेर काढून वेगळे गुंडाळून ठेवा, आत राहिले की पाझरतात. मोबाइलचं म्हणाल तर पॉवर बँक घ्याच, पण टॉवरचीही बॅटरी संपते आणि मग तुमचा भरलेला फोन नुसता घड्याळ दाखवतो. म्हणून सेलवरचा रेडिओ, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, तलाठी, पोलीस पाटील. आमच्या घरात सगळे नंबर फोनमध्येच होते. नंबर पाठ होता तो फक्त आत्तींना, तोही लँडलाइनचा. टॉवर बंद म्हणजे फोनवरचे पैसेही बंद. तेव्हा शंभर-पन्नासच्या सुट्ट्या नोटा हव्यात. पाचशेची नोट त्या दिवसांत कुणी मोडून देत नाही. गाडीची टाकीही जून ते सप्टेंबर अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये; २०१९ ला जिल्ह्यात पेट्रोलसाठी किती रांगा लागल्या ते सगळ्यांनी पाहिलंय.

चूल पेटवायची सोय माळ्यावर: दोन-चार दिवसांचं वाळलेलं जळण आणि काडेपेटी झाकणाच्या डब्यात. न शिजवता खाता येईल असं पोहे, शेंगदाणे, गूळ, भाजलेल्या नाचणीचं पीठ वर ठेवा. सातबारा, आधार, पासबुक, विम्याचे कागद घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी कुठं आहे हे घरातल्या लहान पोरालाही माहीत हवं.

गोठ्यात एक कोयता टांगलेला असू द्या. पाण्यात दाव्याची गाठ फुगते, बोटांनी सुटत नाही. आणि जिल्हा प्रशासन हला म्हणालं की हलायचं. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला २०१९ च्याच पुरात बोट उलटून माणसं गेली. कोरड्या पायांनी निघता येतं तेव्हा निघालेलं बरं. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला.

पाणी ओसरल्यावरच्या वस्तू कुणीच आधी घेऊन ठेवत नाही. रबरी बूट आणि हातमोजे नसतील तर पायाच्या चिरांतून लेप्टोचे जंतू शिरतात. लांब काठी लागते, कारण साप तुळईवर आणि अंथरुणात जाऊन बसलेले असतात. चावलाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, हात-पाय न हलवता सरळ दवाखाना. ब्लीचिंग पावडर कोरड्या डब्यात हवी. विहिरीच्या दर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. आणि घर धुवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट फोटो काढा. पंचनाम्याला माणसं येईपर्यंत आमच्या शेजारच्यांनी घर लख्ख केलं होतं, मग पाणी कुठवर आलं होतं हे पटवता पटवता त्यांचा जीव मेटाकुटीला आला.

हे सगळं मृगाआधी भरून ठेवलं तरी श्रावणापर्यंत अर्धं संपलेलं असतं. सेल पोरं काढतात, ओआरएस कुणाच्या तरी जुलाबात जातं, सुट्ट्या नोटा बाजारात खर्च होतात. आणि आपले दोन्ही मोठे पूर मृगात नाही, आषाढ-श्रावणातच आले. म्हणून आता आमच्याकडं माळ्यावरचा डबा दोनदा उतरतो, एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि एकदा आषाढी एकादशीच्या आधी.